आईचा आवाज घातलेला अल्बम

माझा थोरला चुलतभाऊ चाळीस वर्षं पुण्यात रॉक गातोय. बँड फुटला, तरी एकटा गातच राहिला. बासष्टाव्या वर्षी त्यानं नवा अल्बम काढला आणि तो ऐकवायला आमच्या गावी, तेरला आला. आमच्याकडं त्याची आई, म्हणजे माझी काकू राहते. मी शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालो, म्हणून माझं मत त्याला हवं होतं.

बैठकीत स्पीकर मांडला. पहिल्या गाण्यात गिटार किंचाळत होती, दुसऱ्यात सनई, तिसऱ्यात नुसता बसचा हॉर्न. घरातलं सगळं सामान अंगणात फेकावं आणि त्याला प्रदर्शन म्हणावं, तसला प्रकार.

"दादा, सम कुठाय ह्यात?"

"समेतून सुटायचंच असतं रे."

लहानपणापासून हा माणूस समेवर कधी आला नाही. आता त्याचं तत्त्वज्ञान झालं.

पाचव्या गाण्यात एकाएकी काकूचा आवाज आला. "जेवलास का? कवा येतूस?" मागं गिटार कण्हत होती. मी ओळखलं. हे निरोप काकूनं माझ्याच फोनवरून बोलून पाठवले होते, बटण मी दाबून धरायचो. एकाचंही उत्तर आलं नव्हतं.

काकू कान देऊन ऐकत होती. "हे म्या कवा बोलले?"

"मागच्या वर्षी, आई. तू फोनवर पाठवलंस ना, तेच. हा अल्बमचा आत्मा आहे."

"मग तवा बोलला का न्हाईस?"

तो स्पीकरची वायर नीट करू लागला. उत्तर द्यायला सवड नव्हती, कापून-जोडून ताल बसवायला मात्र होती. मी तसं तोंडावर म्हणालो. "तुला कळणार नाही," म्हणाला. काकू मला हळूच म्हणाली, "आवाज बरा आलाय की माजा." तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला जास्तच राग आला.

चहा घेऊन तो गेला. उरलेली गाणी मी ऐकली नाहीत.

त्यानंतर काकूनं निरोप पाठवणं सोडलं. महिन्यानं त्याचाच फोन आला. मी तो स्पीकरवर टाकून काकूपुढं धरला. "आई, गप्प का झालीस?"

काकू फोनकडं वाकली.

"आदी सांग," ती म्हणाली, "हे बी गाण्यात भरून घेतूस का काय?"

 तो म्हणाला, "न्हाय." पुण्याची मराठी सोडून, आमच्यासारखं.

"मग बोलते," म्हणून काकू पाय पसरून बसली.