माय आणि साखरेची गोळी

माय फुलंब्रीच्या पुढं आमच्या खेड्यात माझ्या भावाजवळ राहते, मी शहरात, छावणी भागात. तिला साखरेचा आजार होऊन बरीच वर्षं झाली. सत्तरीतही ती शेळ्यांमागं दिवसभर हिंडायची, पण गोळ्या विसरायची. म्हणून शाळेत शिकवायला निघण्याआधी मी रोज फोन करायचे. गोळी चुकल्याचं कळलं की तिला चांगलीच रागवायचे.

गेल्या उन्हाळ्यात तिला लग्नातलं जेवण बाधलं. जुलाब, उलट्या. दोन दिवस तिनं मला काही कळू दिलं नाही. पोटात घोटभर चहा टिकत नव्हता, तरी गोळी मात्र दोन्ही वेळा घेत राहिली. तिसऱ्या सकाळी फोनवर तिची धाप ऐकू आली.

"चालून आलीस का, माय?"

"नाय, बाजेवरच हाय. पण लई दम लागतोय."

मागून भाऊ म्हणाला, "ताई, कालपासून लघवीलाच गेली नाय ती."

मी त्याला लगेच गाडी करून तिला शहरात आणायला सांगितलं. दवाखान्यात उतरवली तेव्हा तिचे हातपाय गार पडले होते, बोलणं असंबद्ध, आणि श्वास लांबून पळत आल्यासारखा. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि गोळ्या मागितल्या. भावानं पिशवीतून पाकीट काढून दिलं.

"अंगातलं पाणी गेलं, त्यानं किडन्या मंदावल्या," त्या म्हणाल्या. "एरवी ही गोळी लघवीवाटे निघून जाते. ती आत साठली आणि रक्तात आम्ल वाढलं. डायलिसिस करून दोन्ही बाहेर काढावं लागेल."

"गोळी वाईट होती का?" मी विचारलं.

"नाही, चांगली आहे. पण असे जुलाब-उलट्या लागल्या की ती थांबवून लगेच डॉक्टरला विचारायचं असतं. कुणी सांगितलं नव्हतं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मी तर रोज उलटंच बजावत होते. डायलिसिसच्या संमतीच्या कागदावर मी सही केली.

भाऊ वेगळ्याच काळजीत होता. मशीन एकदा लागलं की जन्माचं लागतं, असं त्यानं गावात ऐकलेलं. "किडन्या पुन्हा चालू लागल्या की सुटेल," बाई म्हणाल्या, पण खात्री दिली नाही. मायच्या मानेत नळी घातली. तिचं रक्त मशीनमध्ये जात होतं आणि साफ होऊन परत येत होतं. मी तिच्या छातीकडं बघत बसले. दुपार कलता कलता श्वास संथ झाला.

दुसऱ्या दिवशी तिनं मला ओळखलं. आणखी दोनदा डायलिसिस झालं. मग एका सकाळी नर्सनं लघवीची पिशवी उचलून दाखवली. ती भरली होती. भाऊ बाहेर जाऊन रडून आला.

त्या दुपारी मी मायला म्हणाले, "मीच तुला रोज गोळी घे, गोळी घे म्हणत होते."

"तू चांगल्यासाठीच म्हणायचीस, बाई. मला बी तोंड व्हतं की सांगायला. पण तू रागावशील म्हून गप ऱ्हायले."

मी तिचे पाय दाबत राहिले.

मशीन सुटलं, नळी निघाली. ती गोळी कायमची बंद झाली, इन्सुलिन सुरू झालं. महिनाभर माय माझ्याकडं राहिली आणि सुई स्वतःच टोचून घ्यायला शिकली. आता ती गावीच असते. शेळ्यांमागं चालताना दमली की मध्येच बसते, जरा वेळानं उठते आणि पुढं जाते.