डुक्कर फियाटच्या प्लास्टिकच्या काचा

गॅरेजात किस्से कुणी साठवत नाही, ते आपोआप साठतात. उघड्या बॉनेटवर चार माणसं वाकली की तिघं बोलतात आणि एक काम करतो. आमच्या वसंताच्या सांगलीतल्या गॅरेजात तर तो काम करणाराही मधेच बोलायला लागायचा. मग गिऱ्हाईक कंटाळून गाडी तशीच ढकलत घरी न्यायचं.

मी शेजारचा बोर्ड रंगवणारा. दुकानात ब्रश वाळत पडलेले आणि मी दिवसभर वसंताकडं. पंचाहत्तर-शहात्तरचा सुमार असेल. आता वसंता नाही. गॅरेजच्या जागी मोबाईलचं दुकान झालंय. तिथून जाताना अजून माझी मान तिकडं वळते, वाटतं ऑइलचा वास येईल. येत नाही. फार आठवण येते त्या दिवसांची. यात लाजायचं काय!

आमच्यातला तिसरा संपत. पलूसचा, उसाच्या घरचा. त्याला मोटारींच्या शर्यतीचं वेड. मद्रासकडं एका जुन्या विमानांच्या धावपट्टीवर अशा शर्यती होतात, हे त्यानं कुठल्याशा मासिकात फोटोसकट बघितलं आणि "एकदा तितं पळवायची" एवढं धरून बसला. मोटार घरात होती, पण ती आबांची, म्हणजे त्याच्या वडलांची. डुक्कर फियाट, म्हणजे फुगीर नाकाची जुनी फियाट. त्यांच्या आळीतली पहिली मोटार. आबा स्वतः चालवत नसत. डाव्या बाजूला बसायचे, काच पूर्ण खाली, कोपर बाहेर, आणि पलूसपासून सांगलीपर्यंत ओळखीपाळखीच्यांचे रामराम घेत यायचे. त्यांच्या आयुष्यातली चैन म्हणाल तर एवढीच.

तरी लेकानं मागितल्यावर त्यांनी किल्ली दिली. नीट ने आणि नीट आण, एवढंच बजावलं. काचा काढणार हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा आम्हालाच कुठं माहीत होतं?

* * *

वसंताचं म्हणणं असं, की इंजिन आहे तेच राहणार, तेव्हा वजन उतरवा. मग मागची सीट गेली, डावी सीट गेली, खालचं मॅटिंग गेलं. शेवटी वसंताची नजर दारांच्या काचांवर पडली. त्या काढून प्लास्टिकच्या बसवू म्हणाला.

काच खरंच किती जड असते ते बघायला आम्ही ती पलीकडच्या हळदीच्या वखारीत नेऊन काट्यावर ठेवली. काटा बघून संपतला हौस आली, तोही वर बसला. संपत अंगानं चांगला भरलेला. तोलणाऱ्यानं एकदा काचेकडं बघितलं, एकदा संपतकडं.

"मालक, काचा ऱ्हाऊ द्या. तुमीच सकाळची न्याहारी सोडा."

संपतनं दोन्ही केलं. न्याहारी सोडली आणि काचाही काढल्या. न्याहारी आठवड्याभरात परत सुरू झाली.

* * *

बाजारच्या दिवशी आबा एसटीनं सांगलीला आले आणि मोटार बघायला गॅरेजात शिरले. चारी दारांना मोकळी भोकं. काचा पोत्यात गुंडाळून भिंतीला टेकवलेल्या. संपतनं चाचरत समजावलं, की प्लास्टिकच्या बसणार आहेत, एकदम हलक्या, पण स्क्रूनं पक्क्या. खालीवर होणार नाहीत.

आबांनी डाव्या दारावर, जिथं कोपर टेकायचे, तिथं एकदा हात ठेवला आणि स्टँडकडं चालू लागले. त्या दिवसापासून त्यांनी संपतशी बोलणं टाकलं.

टाकलं म्हणजे किती? दोघं शेजारी शेजारी जेवायला बसलेले, आणि आबा संपतच्या आईला, आक्काला म्हणायचे, की तुझ्या लेकाला विचार, ऊसतोडीची टोळी कधी येणार. लेक आक्काला सांगणार, आक्का आबांना. आक्का घरात नसली की सगळी पंचाईत. एकदा मी आणि वसंता पलूसला गेलो होतो. संपत गोठ्यात उभा, आबाही तिथंच. आक्का विहिरीवर. आबांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि बैलाला सांगितलं,

"मोटारवाल्याला म्हणावं, पावणं आल्यात, च्या कर."

बैलानं कान हलवला आणि संपत चहा करायला गेला.

आम्ही हसलो. पण चुलीपुढं बसलेल्या संपतचे डोळे भरले होते, आणि ते काही धुरानं नव्हते. शर्यतीचं वेड सुटत नव्हतं आणि आबांचा अबोला सोसत नव्हता. मी म्हटलं, सरळ काचा परत बसव, मिटवून टाक. तो म्हणाला, बसवीन, पण एकदा पळवून आल्यावर. त्याला शर्यतही पाहिजे होती आणि आबाही.

* * *

प्लास्टिकची पारदर्शक शीट मी आणली. बोर्डाच्या कामात ती लागायची, त्यामुळं तिचे लाड मला माहीत. उन्हात फुगते, थंडीत आकसते. म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडायचं आणि स्क्रू जरा सैल ठेवायचा. वसंताला हे तीनतीनदा सांगितलं. पण तो पडला मेकॅनिक! सैल हा शब्द त्याच्या कानात शिरत नसे. पहिली काच त्यानं अशी आवळली, की भोकापासून भोकापर्यंत तडा गेला. दुसरीचं तेच. तिसरीला मी त्याचा हातच धरला.

तेवढ्यात त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन आली. काय चाललंय ते तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"भावजी, त्यास्नी नका सांगू. लग्नात हार घालताना बी गाठ आवळून बगितली हुती."

त्या दिवसापासून स्क्रू मी बसवले.

* * *

नव्या शीटला दोन्ही बाजूंनी खाकी कागद चिकटवलेला असतो, चरे पडू नयेत म्हणून. वसंतानं फर्मान काढलं, की मद्रासला निघेपर्यंत कागद काढायचा नाही. तसंच मोटार पळवून बघायला आम्ही कराडवरून साताऱ्याच्या रस्त्याला लागलो. संपत चालवतोय, मागं पोत्यांवर मी आणि वसंता, आणि चारी काचांना कागद. पुढच्या काचेतून दिसेल तेवढंच जग.

उंब्रजला चहाला थांबलो. संपत आणि मी उतरलो, वसंता मागंच डोक्यावर टॉवेल घेऊन आडवा झाला. एसटीची वाट बघत बायका उभ्या होत्या. झाकलेल्या काचा बघून त्यांनी ठरवून टाकलं, की कुणा मोठ्या घरची गोषातली नवरी चाललीय. कुजबुज वाढली. शेवटी एका म्हातारीला राहवेना. तिनं पिशवीतली कुंकवाची डबी काढली, दार हळूच उघडलं आणि टॉवेल बाजूला सारला.

आम्ही चहाचे कप तसेच टाकून मोटारीकडं पळालो. म्हातारी मात्र जागची हलली नव्हती. मागं वळून बायकांना सांगत होती,

"नवरीला मिशा हायत गं. पर नाकाडोळ्यानं बरी हाय."

पुढं साताऱ्यापर्यंत वसंता कुंकू पुसत होता.

* * *

निघायच्या आदल्या दिवशी कागद काढले. काय काचा दिसत होत्या! आहेत की नाहीत कळू नये. आक्काला नारळ फोडायचा होता, म्हणून संपत मोटार पलूसला घेऊन गेला. आम्ही सकाळी तिथं पोचलो तर चारी काचा दुधासारख्या पांढऱ्या. आक्कानं पहाटे उठून त्या राखेनं आणि काथ्यानं घासल्या होत्या, तांब्याचा हंडा घासावा तशा. लेक परमुलखात चाललाय, चार लोकांत मोटार स्वच्छ दिसावी, एवढाच तिचा हेतू.

संपतनं काचांकडं बघितलं, आक्काच्या राखेनं भरलेल्या हातांकडं बघितलं.

"लय झ्याक झाल्यात, आक्का," म्हणाला आणि तिच्या पाया पडला.

मग वाटेभर आम्ही टूथपेस्ट लावून लावून उजवी बाजू घासत गेलो. ती बऱ्यापैकी निवळली. डावी बाजू तशीच राहिली, हात भरून आले होते. तिथं मद्रासला झकपक मोटारी आलेल्या. एक साहेब आमच्या धुरकट काचेला बोट लावून इंग्रजीत विचारायला लागला, की ही कुठली नवीन पद्धत. वसंता गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "सांगली फिनिश." साहेबानं लिहून घेतलं.

आणि शर्यत? संपत पळाला. शेवटचा आला नाही, एवढं आम्हाला पुरे होतं. धूळ बसली तसा तो मोटारीतून उतरला. आम्ही त्याला उचलायला धावलो, तर टायरला टेकून बसला.

"आबांनी बगाय पायजे हुतं रं," एवढंच म्हणाला. वसंतानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी उगाच दुसरीकडं बघितलं.

* * *

पलूसला परत आलो तेव्हा ऊन चढलं होतं. आबा अंगणात बाजेवर. संपत येतानाच ठरवून आला होता, दुसऱ्या दिवशी जुन्या काचा बसवायच्या, आणि तसा निरोप आक्काकडून आबांना द्यायचा. पण आक्का देवळात गेली होती. संपत आईची वाट बघत मोटारीपाशी उभा राहिला. आबा बाजेवर बसून राहिले. मी आणि वसंता कुठं बघावं या विचारात.

शेवटी आबा उठले. पटका सारखा केला. मोटारीला एक फेरी घातली, डावं दार उघडलं. सीट नव्हती. खांद्यावरचं घोंगडं काढून त्याची घडी पत्र्यावर टाकली आणि आत बसले. दार ओढून घेतलं. आत भट्टी झालेली.

संपत पळत दुसऱ्या बाजूनं जाऊन बसला आणि मोटार सुरू केली. उजवं दार लावायचं तो विसरलाच होता, म्हणून आतलं सगळं आम्हाला ऐकू आलं.

आबा समोर बघत होते.

"ह्या काचा उघडत न्हाईत न्हवं?"

"न्हाई, आबा."

"मग जोरात चालव की रं. वारं कुठनं तरी यील."