हात थांबले तर पान पास

व्यंकटेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. पलीकडे सुजाता, त्याची मुलगी. तिचा आवाज ऐकताच पहिला विचार मनात आला तो असा, की चला, आता सोलापुरात आपल्याहून चांगलं लिहिणारा कुणी उरला नाही. रडू त्यानंतर आलं. मित्रावर लिहिताना असलं सांगायचं नसतं, ठाऊक आहे. पण त्या घराबद्दल मी एकदा खोटं लिहून बसलोय... दुसऱ्यांदा नको.

मी शाळेत मराठी शिकवायचो, तो यंत्रमागावर होता. घरी तेलुगू बोलणारा हा माणूस कथा मराठीत लिहायचा आणि माझ्याहून सरस लिहायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा. पूर्व भागातल्या त्याच्या एका खोलीत पद्मावहिनी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसायच्या आणि हा समोर बसून नव्या कथेचं पान वाचायचा. ऐकताना वहिनींचे हात थांबले तर पान पास, चालूच राहिले तर छाट. कारखान्यात सैल, वाकड्या बिड्या बाजूला काढतात त्यांना छाट म्हणतात. त्या घरात कथेलाही तोच न्याय. एकदा हट्टानं मीही माझी कथा वाचली, बक्षीस मिळालेली. वहिनी मान डोलवत होत्या, हात मात्र एकदाही थांबले नाहीत. “लई छान हाय की, भावजी,” म्हणाल्या आणि वळलेल्या बिड्यांचा कट्टा बांधायला घेतला. त्या दिवशी मी चहा न घेताच उठलो. त्याच्या कथांचा हेवा होताच, पण असं ऐकणारं माणूस त्याला घरात मिळालं होतं, त्याचा जास्त होता.

वहिनी खोकून खोकून गेल्या. तंबाखूची धूळ छातीत बसलेली. व्यंकटेश खचला आणि मग त्यांच्यावरच पुस्तक लिहायला बसला. नेमका तेव्हाच त्यांच्या बिडी कारखान्याच्या मालकांना गौरवग्रंथ काढायचा होता. त्यात एका जुन्या कामगार बाईच्या आठवणी हव्या होत्या, तिच्या लेखक नवऱ्याच्या शब्दांत. फक्त खोकल्याचं गाळायचं आणि दवाखान्याचा खर्च मालकांनी केला असं घालायचं. पैसे भरपूर देणार होते. इकडे व्यंकटेशचे पत्रे गळत होते, सुजाता सासर सोडून माघारी आली होती. ग्रंथाचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मालकांचा निरोप त्याला सांगायला मीच गेलो. त्यानं हो म्हणावं असं मला मनापासून वाटत होतं. त्याच्या भल्यासाठी नव्हे, एकदा तरी तो माझ्यासारखा व्हावा म्हणून.

तो भिंतीला टेकवलेल्या सुपाकडे बघत राहिला. “दिगंबर, हे तिच्यासमोर वाचता आलं आस्तं का रे? पैशे लागतेत, लई लागतेत... पण नको.”

मग तो मजकूर मी लिहिला, ‘एका कुटुंबस्नेह्याच्या आठवणी’ म्हणून. ‘मालकांनी पद्माबाईंचं औषधपाणी शेवटपर्यंत केलं’ हे वाक्य माझं आहे आणि ते खोटं आहे. औषधं व्यंकटेशनं डबल पाळी करून आणली होती. ग्रंथ त्यानं वाचला. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्यानं चहा पुढे केला आणि म्हणाला, “छपाई चांगली झालीय.” पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्याच्या त्या गप्प बसण्याचाही मला हेवा वाटला.

त्याचं पुस्तक छापून आलं नाही. वह्या सुजाताकडे आहेत. मी दोन पानं वाचली आणि वही मिटली. इतकं चांगलं होतं की पुढं वाचवेना.

इथवर लिहून झालं आणि काल हा लेख घेऊन सुजाताकडे गेलो. आईचंच सूप मांडीवर घेऊन ती वळत होती. मी वाचू लागलो. बापाचं कौतुक आलं, हात चालू. आईचा खोकला आला, तरी चालू. ‘ते खोटं आहे’ इथं पोचलो आणि सुपातली पानांची सळसळ बंद झाली. मान वर करायची माझी हिंमत झाली नाही. तसंच शेवटपर्यंत वाचलं.

“हे आसंच छापणार न्हवं, काका?” तिनं विचारलं.

“असंच,” मी म्हणालो.

मग तिनं तंबाखूची चिमूट घेतली आणि पुन्हा वळायला लागली.