हिम्मतरावांनी आधी पाहिलेलं बंदर

माझे सासरे हिम्मतराव. काहीही असो, आधी स्वतः एकट्याने बघून यायचं, ही त्यांची जन्माची खोड. चिक्कडपल्लीतलं घर घेताना तसंच. मला सून करून आणायचं होतं तेव्हाही जामबागेतल्या आमच्या घरी आधी एकटेच येऊन बसले, दोनदा चहा प्यायले आणि मग बायको-मुलाला घेऊन आले. सुलतान बाजारात कापडाचं दुकान चालवलेला माणूस. चुरगाळून पाहिल्याशिवाय कापड घ्यायचं नाही, तसंच जगाचं. यात कुणाचं नुकसान होतं असं त्यांना कधी वाटलं नाही. माझ्या सासूबाईंचं, भामाआत्यांचं झालं.

आत्यांचा धाकटा भाऊ प्रतापराव विशाखापट्टणमच्या बंदरात क्रेन चालवायचा. नांदेडकडच्या शेतकऱ्याचं पोर जहाजं भरतंय, याचं आत्यांना कोण कौतुक! तो दर दिवाळीला बोलवायचा. मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे, "आधी मी बघून येतो, सोय कशी आहे ते." दोनदा जाऊनही आले आणि "खारा वारा आहे, तुला सोसायचा नाही" असा निकाल देऊन मोकळे झाले. असं करता करता प्रतापरावच गेला.

गेल्या वर्षी मात्र आत्या हटून बसल्या. "मरायच्या आत मला प्रतापचं बंदर बघायचंय." मग आम्ही तिघं निघालो. बंदरात आत सोडत नाहीत, पण शेजारच्या टेकडीवर राखीव जंगल आहे, फिरायला छोट्या वाटा आहेत आणि तिथून सगळं बंदर दिसतं, असं लॉजवाल्याने सांगितलं. ऑटो वर फाटकापर्यंत गेला. आत्या गुडघे धरून उतरल्या आणि बाकावर टेकल्या. त्या दिवशी त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती.

मामा म्हणाले, "तू इथंच बस. मी वाट बघून येतो. फुकट परेशान होशील."

"दोघं मिळूनच जाऊ की हो."

पण ते निघालेसुद्धा. मी आत्यांना धरून उठवायला गेले, तर त्यांनी मलाच खाली बसवलं. "येऊ दे त्यांना. चिडतात उगाच." नवऱ्याच्या पुढे पाऊल टाकायची त्यांना सवयच नव्हती. मला दोघांचाही राग आला.

बऱ्याच वेळाने मामा परतले, घामाघूम पण खुशीत. "खडा चढ आहे, तुझ्यानं होणार नाही. पण काय देखावा, भामा! काय ती जहाजं!"

आत्यांनी एवढंच विचारलं, "प्रताप कुठल्या क्रेनवर असायचा?"

मामांचा चेहरा उतरला. प्रतापरावाने त्यांना ती क्रेन हात धरून दाखवली होती. आज वर उभं राहून ती शोधावी, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बघायचं राहिलं," ते म्हणाले.

"राहू द्या." आत्या उठल्या. रखवालदार फाटक बंद करायला आलाच होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा गुडघा सुजला, आणि संध्याकाळी परतीची गाडी होती.

माघात आत्या गेल्या. त्यानंतर एक दिवस मामा म्हणाले, "माधवी, मला तिथं परत ने."

या खेपेला रखवालदाराने मामांचं वय बघितलं आणि डावीकडे हात केला. तिकडे झाडांतून एक सपाट सिमेंटची वाट जात होती, कडेला धरायला कठडा होता. म्हाताऱ्या माणसांसाठी हीच वाट, तो म्हणाला. मामा जागच्या जागी थांबले. मग कठड्याला हात न लावता हळूहळू चालत राहिले. जरा वेळातच वाट संपली. तिथे बाक होता आणि खाली सगळं बंदर पसरलेलं होतं.

मी म्हणाले, "मामा, क्रेन दिसतायत बघा. प्रतापरावांची कोणती?"

ते बंदराकडे पाठ करून बसले.

"मला नको दाखवू," ते म्हणाले. "तिला दाखवायचं होतं."