पाटणबोरीपर्यंत पोचवणारे

मला पोचवायला चौदा माणसं आली होती, आणि त्यातल्या एकाचाही मला काडीचा उपयोग झाला नाही. उलट जे नुकसान झालं ते त्यांच्यामुळेच झालं. हे मी इतकी वर्षं कुठं बोलले नाही, कारण त्यातले निम्मे आता देवाघरी आहेत आणि उरलेले अजून स्वतःवर खूश आहेत. पण गावी राहिलेल्या आणि माझ्यासारख्या गाव सोडलेल्या सगळ्यांनी एकदा हे वाचावं म्हणून लिहिते.

पांढरकवड्याच्या एसटी स्टँडवर सकाळी नऊची आदिलाबाद गाडी लागली होती. मी नर्सिंगचा कोर्स करून हैदराबादला नोकरीसाठी निघाले होते. हातात एक ट्रंक आणि एक काळी रेग्झिनची बॅग. बॅगेत ओरिजनल सर्टिफिकेटं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तिथल्या एका हॉस्पिटलात ती दाखवायची होती. दाखवली तर नोकरी, नाही तर यादीतली पुढची मुलगी. आणि नोकरी नाही म्हणजे परत पांढरकवडा, आणि परत पांढरकवडा म्हणजे आमच्या चर्चमधल्या शिमोनकाकांचा भाचा. बाबांनी तो माझ्यासाठी पाहून ठेवला होता. काम काही करत नसे, पण पेटी चांगली वाजवायचा.

बाबा शाळेत मास्तर आणि आमच्या मंडळीतले वडील. म्हणजे चर्चच्या कारभारातलं एक मोठं माणूस. त्या वर्षांत कापसाचं सगळंच बसलं होतं. बोंडअळीनं उरलंसुरलं खाल्लं, भाव नव्हता, सरकी काढणारं जिनिंग थोडे दिवस धडधडून गप्प व्हायचं, आणि जिनिंग गप्प झालं की आख्खा बाजार गप्प. पोरं निघाली. कोणी सुरत, कोणी पुणे, कोणी हैदराबाद. दर दोन-तीन आठवड्यांनी मंडळीतलं कोणी ना कोणी जायचंच. अशा वेळी माणूस काय करेल? कोणी जाऊ नये म्हणून काही करेल, किंवा गेलेल्याचं तिकडं कसं होईल ते पाहील. आमच्या बाबांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी निरोपाचा विधी काढला.

कुठल्याशा जाड पुस्तकात त्यांनी वाचलं होतं की पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या काळी प्रवाशाला वाटेला लावायची मोठी रीत होती. यजमान नुसता दारातून हात हलवत नसे, बरोबर चालत जाई. अब्राहामाकडं तीन पाहुणे आले, तर तो म्हातारा माणूस जेवू घालून त्यांच्यासोबत वाटेनं गेला. प्रेषित पौल जहाजात बसायला निघाला तर सोर गावची माणसं बायकापोरांसकट वेशीबाहेर आली आणि समुद्राच्या काठी गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना केली. इफिसच्या मंडळीचे वडील तर गळ्यात पडून रडले. आणि जावई न सांगता पळाला म्हणून लाबान किती चिडला! डफ-वीणा वाजवून पाठवलं असतं म्हणे. बाबा हे सांगायला लागले की पाऊण तास गेलाच. शेवटी म्हणायचे, "आपल्या लोकाईले निरोप देताच येत नाही. स्टँडवर जातेत आन् गाडी हालली का पानठेल्यावर."

मग ठरलं की मंडळीतलं कोणी निघालं तर त्याच्यासोबत गाडीत बसून पहिल्या मोठ्या थांब्यापर्यंत जायचं, तिथं गुडघे टेकायचे, प्रार्थना करायची, गळ्यात पडायचं आणि उलट्या गाडीनं परत यायचं. नागपूरकडं जाणाऱ्याला वडकीपर्यंत, हैदराबादकडं जाणाऱ्याला पाटणबोरीपर्यंत. लोकांना हे फार आवडलं. आवडणारच! रिकाम्या दिवसांत फुकटची सहल, वरून पुण्य.

माझ्या वेळी तर मंडळीच्या वडिलांचीच मुलगी, म्हणून झाडून सगळे आले. कंडक्टरनं विचारलं, "वऱ्हाड हाय का? नवरदेव कुठं हाय?" बाबांनी त्यालाही अब्राहामाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. तो म्हणाला, "मास्तर, तिकिटं घ्या आंधी." माझ्या शेजारी शिमोनकाका बसले आणि मोठ्या मायेनं म्हणाले, "आण बेटा, थे बॅग मी धरतो." दिली. नको म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण वीस-बावीस वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाला नको म्हणता येत नव्हतं तेव्हा.

पाटणबोरीला गाडी थांबली. चौदा माणसं खाली उतरली, मलाही उतरवलं, आणि हायवेच्या कडेला चहाच्या टपरीसमोर मंडळींनी गुडघे टेकले. समुद्र नव्हता, तरी माणसं टेकली. ट्रक धूळ उडवत जात होते. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. टपरीवरचा म्हातारा पळत आला, "कोन मेलं बापा? कोन मेलं?" बाबांचा आवाज लागला होता आणि ते डोळे मिटून सगळ्या दिशांसाठी प्रार्थना करत होते. शिमोनकाका हमसून हमसून रडत होते. खरं सांगते, मला रडू आलं नाही. मला लाज वाटत होती. शेवटी कंडक्टरनं मला दंडाला धरून वर ओढलं आणि गाडी निघाली. मागं वळून पाहिलं तर सगळे रुमाल हलवत होते. रुमाल हलवणारे ते हात मला तेव्हा मोजावेसे वाटले नाहीत. मोजले असते तर एका हातात माझी बॅग दिसली असती.

आदिलाबादला ट्रंक उतरवताना कळलं. स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवरून आमच्या घराजवळच्या मेडिकलमध्ये फोन लावला. कोणाला बोलवू म्हणून दुकानदारानं विचारलं, तर तोंडातून बाबा निघालंच नाही. म्हटलं, आईला बोलवा.

आई मला पोचवायला आली नव्हती. सकाळी मी निघाले तेव्हा ती म्हशीची धार काढत होती. "येते गं," म्हटलं तर "हं, जपून जाजो," एवढंच म्हणाली, पाठमोरीच. बायकांनी नावं ठेवली तिला त्याबद्दल. पोटची पोर चालली आन् इच्या डोळ्यात टिपूस नाही! बाबांच्या त्या निरोप-विधीला ती एकदाही गेली नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "मले कामं हायेत. तुमाले नसतीन त जा."

फोनवर मी रडायला लागले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती वाजता दाखवाचं हाय?" दहा वाजता, मी म्हटलं. "तू पुढं जाय. मी आणतो." आई स्वतःला 'आणतो, जातो'च म्हणायची, आमच्याकडच्या जुन्या बायका म्हणतात तसं. म्हटलं, आई, तू कशी येशील, तू आदिलाबादच्या पुढं कधी गेली नाहीस. ती म्हणाली, "फोन ठेव. बिल वाढते."

पुढचं मला भावाकडून कळलं. मंडळी परत येऊन आमच्याच ओट्यावर चहा पीत बसली होती. निरोप किती छान झाला याची चर्चा रंगली होती. बॅग शिमोनकाकांच्या पायाशी. आई मेडिकलमधून आली, बॅग उचलली. तेव्हा कुठं काकांच्या ध्यानात आलं, "अरे बापा, हे त ज्योतीची!" बाबा म्हणाले, "थांबा, आधी याच्यावर प्रार्थना करू." आणि ते सगळे खरोखर बसले हो प्रार्थनेला! आईनं भाकरी बांधल्या, मी घरी ठेवून गेलेला हॉस्टेलचा पत्ता मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतला आणि हायवेवर जाऊन उभी राहिली. आदिलाबादची गाडी नव्हती. जिनिंगच्या गाठी घेऊन हैदराबादला निघालेला ट्रक तिनं हात दाखवून थांबवला आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसली. मास्तराची बायको ट्रकमध्ये! मंडळीत पुढं कित्येक महिने याच्यावर बोलणं झालं. बॅगेवर झालं नाही.

सकाळी साडेआठला हॉस्टेलच्या वॉचमननं हाक मारली. गेटपाशी आई उभी. केसांत, पदरावर, भुवयांवर कापसाचा बारीक फुंदा. घरातल्याच चपला. तेलुगू एक अक्षर येत नाही, हिंदीही धड नाही, आणि चिठ्ठी दाखवत दाखवत बाई येऊन पोचली.

"पाह्यून घे सारं हाय का त्यात," ती म्हणाली.

मी पाहिलं. सगळं होतं. भाकरीचं फडकंही हातात दिलं तिनं.

"तू जेवलीस?"

"जेवीन मंग. तू जाय, उशीर करू नोको."

"आई, थांब ना. मी बारापर्यंत येते."

"थांबून काय करू? म्हशीले कोन पाहीन तिकडं, तुहे बाबा?"

आणि निघाली. मी पण निघाले, केस विंचरायचे होते. तिला स्टँड कुठं आहे हेसुद्धा मी दाखवलं नाही. दहा वाजता सर्टिफिकेटं दाखवली, सव्वादहाला सही झाली.

खूप वर्षांनी इकडच्या आमच्या चर्चमध्ये एका पाळकांनी याच विषयावर संदेश दिला. सांगितलं की त्या काळी प्रवाशाला वाटेला लावणं म्हणजे त्याची शिदोरी बांधून देणं, पायात वहाणा आहेत का बघणं, बरोबर माणूस देणं, पुढच्या मुक्कामापर्यंत त्याला काही कमी पडू न देणं. रडणं असेल तर त्यानंतर. मी बाकावर बसून हसले, शेजारची बाई बघायला लागली. म्हणजे बाबांनी अर्धंच वाचलं होतं! गुडघ्यांचं घेतलं, शिदोरीचं सोडलं. आणि आईनं तर काहीच वाचलं नव्हतं, तिला सही करता यायची तेवढीच.

आता निरोप फोनवर होतात. मंडळीचा ग्रुप आहे. कोणी दुबईला निघालं की जोडलेल्या हातांची रांग लागते, शिमोनकाकांचा तो भाचा पेटीवर गाणं वाजवून टाकतो. पोराला तिकडं राहायला खोली मिळाली का, हे एकही विचारत नाही. आणि इकडं आलेले आम्ही तरी काय शहाणे? हैदराबादेत वऱ्हाडी लोकांचा मेळावा भरतो. एसी हॉलमध्ये पाटवडीचा रस्सा भुरकत आपल्या मातीच्या नावानं डोळे पुसतात. यातल्या एकानंही गावी दहा वर्षांत पाऊल टाकलेलं नाही. मी जाते त्या मेळाव्याला. रस्सा बरा असतो.

आई गेली तेव्हा मी नाइट ड्यूटीवर होते. पोचले तेव्हा माती झाली होती. चार दिवस राहिले. त्या घरात मला काय कुठं ठेवलंय ते आता विचारावं लागत होतं. चहाची साखरसुद्धा. वहिनी प्रत्येक वेळी लगबगीनं उठायची, "तुमी बसा ना ताई." निघायच्या दिवशी तिनं मला नवी साडी दिली, नव्या डब्यात पुऱ्या भरून दिल्या. भावानं सुट्टी काढली होती. पोरांना इस्त्रीचे कपडे घातले होते. आणि बाबा, ऐंशीच्या घरातले, काठी टेकत स्टँडवर यायला तयार झालेले. मी म्हटलं, "बाबा, उन्हाचं कशाला येता? मी जाईन की."

ते म्हणाले, "नाही बेटा. पाव्हण्याले वाटेला लावाची रीत हाय."

त्यांना काही लागेलसं बोलायचं नव्हतं. आयुष्यभर जे चांगलं समजत आले तेच ते करत होते. पण मला त्यांचा जेवढा राग तेव्हा आला तेवढा पाटणबोरीलाही आला नव्हता. स्टँडवर सगळे ओळीनं उभे राहिले, प्रार्थना झाली, वहिनीनं डोळ्याला पदर लावला. मी गाडीत बसले आणि रडले, इतकी की कंडक्टरनं पाण्याची बाटली दिली. आई गेली यावर मी तोपर्यंत रडले नव्हते.

घर म्हणजे काय, असं मला इकडं मुली विचारतात, नव्या आलेल्या, केरळच्या, ओडिशाच्या. मी त्यांना सांगते, जिथून निघताना कोणी उठत नाही ते. भावा, वहिनी, बाबा, हे तुमच्यासाठी लिहिलंय. तुमचं प्रेम मला कळतं, पण ते मला नको आहे, असं पाहुणचाराचं तर नकोच. या दिवाळीच्या सुट्टीत मी येईन. परत निघताना उंबऱ्यावरून "येते" म्हणेन. तुम्ही आपापल्या कामात असा, आणि पाठमोरेच "हं" म्हणा.