चौदा पाहुणे आणि अर्धा पेला पाणी

त्या वर्षीच्या दुष्काळात अख्ख्या केज तालुक्यात मुबलक पाणी होतं ते फक्त आमच्या घरी, आणि तेही एकच दिवस. पुण्याच्या मुलांना दुष्काळ दाखवायला मी नेमका तोच दिवस निवडला होता.

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. पदवी हातात आल्यावर पुढे तिचं काय करतात, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. अशा वेळी पुण्यातल्या एका संस्थेने मला फेलोशिप दिली. नव्या पदवीधरांनी वर्षभर शहरातल्या शाळांमध्ये जाऊन मुलांना पर्यावरण शिकवायचं, आणि त्याबद्दल संस्था वर मानधनही देणार! मला याचं इतकं अप्रूप, की पहिले दोन महिने मी कार्यालयातल्या पंख्याचं बटणसुद्धा विचारून दाबत होते. काम चांगलं झालं तर फेलोशिप आणखी एक वर्ष वाढणार होती. ती वाढली नाही, तर मी पदवीसकट गावी परत. तेव्हा ती वाढावी म्हणून मी जिवाचं रान करत होते.

माझा विषय पाणी, आणि माझ्या हाताखाली नववीची चौदा मुलं. पहिल्याच तासाला मी त्यांना आमच्या घराचं वर्णन ऐकवलं. टँकर कसा चार-चार दिवस येत नाही, आई भाजी धुतलेलं पाणी शेळीला कसं पाजते, वगैरे. मुलं तोंडाचा आ करून ऐकत होती. मग मी नियम घालून दिले. त्यातला सगळ्यात कडक नियम असा, की दुसऱ्याच्या घरी गेल्यावर अर्ध्या पेल्याच्या वर पाणी घ्यायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी! मुलांनी ते इतकं मनावर घेतलं, की एकीने म्हणे आजोबांची अंघोळ मध्येच थांबवली. (आजोबांची तक्रार शाळेत आली. मी ती जपून ठेवली, मूल्यमापनात दाखवायला.)

वर्षाअखेरीस क्षेत्रभेट होती. आमचं मूल्यमापन करणाऱ्या मीनल मॅडम स्वतः सोबत येणार होत्या. मी छाती पुढे काढून म्हटलं, "आमच्याच घरी जाऊ या."

आईला फोन केला. "आये, पुण्याची मुलं येणारेत. आपण पाणी कसं पुरवून वापरतो ते बघायला. तू काहीही करू नको. जसं हाय तसंच दाखवायचंय."

"बरं," आई म्हणाली.

आईचं 'बरं' म्हणजे होकार, असं समजणारी मी एक पदवीधर!

केजहून दोन जीप करून आम्ही गावात पोचलो. वाटेत करपलेली शेतं, कोरडी नदी, रिकाम्या घागरींची रांग. मुलं भराभरा वहीत लिहीत होती. मॅडम मान डोलावत होत्या. सगळं कसं छान भकास होतं!

आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी जीपचं चाक चिखलात रुतलं.

चिखलात! मी खाली उतरून बघतच राहिले. अंगण न्हाऊन निघालं होतं. त्यावर सडा, सड्यावर रांगोळी. दारातला हौद काठोकाठ. भिंतीला लागून दुधाचे मोठाले कॅन ओळीने उभे, सगळे पाण्याने भरलेले. चुलीवर हंडा उकळत होता. आमच्या शेळीलासुद्धा अंघोळ घातलेली होती आणि ती थरथरत माझ्याकडे बघत होती.

"ताई," अन्वय नावाचा माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी हळूच म्हणाला, "हेच घर ना?"

मी आईला कोपऱ्यात घेतलं. "आये, हे काय केलंस? आन हे पाणी आलं कुठून?"

"गल्लीनं दिलं. परत्येक घरून दोन-दोन घागरी."

"आन कॅन?"

कॅनचा खुलासा अण्णांनी केला. माझे वडील गावच्या सहकारी दूध संस्थेत दूध मोजून घेतात. "दुष्काळात दूध हाय कुठं? कॅन मोकळेच पडलेते. चेअरमन म्हनले, पोरीचे सायेब येनार, घिऊन जा. संस्थेचा टेम्पोबी दिला. पार लांबच्या हिरीवर गेलतो."

"पण अण्णा, मी त्यांना दुष्काळ दाखवायला आणलंय!"

"येडी का काय तू?" आई फणकारली. "पावन्याला कुनी रिकाम्या घागरी दावतं का? दुष्काळ गावात बघा म्हनावं. माझ्या घरात न्हाई!"

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की मॅडम दिसत नाहीत. आईच्या दोन मैत्रिणींनी त्यांना "किती धुळीतून आलात ओ!" म्हणत थेट न्हाणीत नेऊन सोडलं होतं. आतून बादलीवर बादली ओतल्याचा आवाज येत होता. माझं वर्षभराचं काम त्या आवाजाबरोबर मोरीतून वाहून चाललं होतं.

आता निदान मुलांनी तरी लाज राखावी, अशी मी मनात प्रार्थना करत होते. त्यांनी राखली. तिथेच घोळ झाला.

आई घासून लख्ख केलेले तांबे घेऊन आली. पहिला तांब्या अन्वयपुढे. त्याने नम्रपणे हात जोडले. "अर्धा पेला पुरे, काकू." दुसरीने तर घोटभर घेऊन पेला परत केला. तिसरा म्हणाला, "मला नको, माझ्याकडे बाटली आहे." पाय धुवायला ठेवलेल्या बादलीला कुणी हात लावेना. चौदाच्या चौदा मुलं माना हलवत होती. इतकी शिस्त मी शाळेच्या परेडमध्येही पाहिली नव्हती!

आईचा चेहरा उतरत गेला. दारात गल्लीतल्या बाया उभ्या होत्या. घागरी त्यांच्याच होत्या. आमची गल्ली म्हणजे गावाच्या टोकाची बौद्ध वस्ती. त्यातल्या शांतामावशी, वयाने सगळ्यांत थोरल्या, शांतपणे म्हणाल्या, "कावून पेत न्हाईत गं लेकरं? पुन्यातबी आपलं पानी चालत न्हाई का?"

अण्णांनी मान खाली घातली. मावशींच्या आईला विहिरीवर कधी चढू दिलं नव्हतं. वरून कुणी ओतेल तेव्हा ओंजळीत पाणी मिळायचं. तिच्या लेकीने स्वतःच्या घरातली घागर आज पाहुण्यांपुढे ठेवली होती, आणि पाहुणे हात जोडत होते. आणि हे त्यांना शिकवलं होतं कुणी? मी! पर्यावरण विषयात!

"अरे प्या!" मी ओरडले. "सगळे प्या! पोटभर!"

"पण ताई, तुमचा नियम..." अन्वय गोंधळला.

"नियम रद्द!"

"कितीही आग्रह झाला तरी, असं तुम्हीच लिहून घेतलंय," एक मुलगी वही उघडून दाखवू लागली. "खाली दोन रेघा मारल्यात."

"खोडून टाक! आधी पाणी पी!"

मी तांब्या उचलून अन्वयच्या हातात दिला. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा मावशींकडे पाहिलं आणि घटाघटा रिकामा केला. "अजून आहे का आजी?" मावशी अशा हसल्या, की दारातल्या सगळ्या बाया आत आल्या. मग काय विचारता! चौदा जण तीन-तीन पेले प्यायले, हातपाय धुतले, तोंडं धुतली, दोघांनी शेळीला पुन्हा अंघोळ घातली. तेवढ्यात चेअरमन हार घेऊन आले. "सायेब कुठंत?" सायेब केसांतून पाणी निथळत बाहेर आल्या, आणि त्यांच्या समोर मी, पाणीबचतीची फेलो, एका कॅनवर चढून ओरडत होते, "लाजू नका! घ्या अजून! हौद भरलेला आहे!"

मॅडमनी हार घालून घेतला, केस पिळले आणि वहीत काहीतरी लिहिलं. परतीच्या जीपमध्ये त्या एकेका मुलाला काय काय झालं ते विचारून पुढे लिहीत राहिल्या. मी मनातल्या मनात पुण्यातली खोली रिकामी करून टाकली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. फेलोशिप एक वर्ष वाढवली होती! मी शेरा वाचला : 'मुले विषय पूर्ण शिकली आहेत. नियम केव्हा पाळावा आणि केव्हा मोडावा, हेही त्यांना कळले आहे. फेलो यांना मात्र अजून एक वर्ष शिकण्याची गरज आहे.'

अण्णांनी ते पत्र गल्लीत घरोघर नेऊन वाचून दाखवलं आणि दूध संस्थेत पेढे वाटले. चेअरमन म्हणाले, "पोरगी लई पुढं गेली!"

मी पेढा तोंडात टाकला. एखाद्याला आणखी एक वर्ष त्याच वर्गात बसवलं, तर आमच्या शाळेत त्याला नापास म्हणत; पण फेलोशिप म्हणजे काय हेच माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नसल्यामुळे ते कुणाच्याच लक्षात आलं नाही!