ताटावरचा हात

मोठ्या बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या नातीची, सईची कढी करत होते. ताकाची नाही, चिंचेच्या कोळाची. मुलगा यवतमाळच्या दवाखान्यातून बोलत होता. "आई, मोठीआई गेली." मी बरं म्हटलं, कढीला उकळी येऊ दिली आणि मग शेजारी सांगायला गेले. मोठ्या बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना मूलबाळ नव्हतं. नेरजवळच्या आमच्या गावात एकाच छपराखाली आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो, दोघींचे नवरेही आधीच गेले. आता जो येतो तो सांगतो, बाईंचा हात किती मोकळा होता. होता. त्याच मोकळ्या हातापायी माझी नात मरणाच्या दारात जाऊन आली, हे कोणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

बाईंच्या दोन म्हशी होत्या आणि घरचं तूप होतं. पंगत असो की रोजचं जेवण, त्या वाटी घेऊन, जेवायला बसलेल्या माणसाच्या मागून यायच्या आणि न विचारता तूप ओतायच्या. नको म्हणून भागत नसे, ताटावर आडवा हात धरावा लागे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ही माया आहे. पुढे कळलं, त्यांना 'नाही' ऐकायची सवयच नव्हती.

सईला वरचं दूध सुरू केलं आणि तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. डॉक्टरांनी सांगितलं, दूध, दही, ताक, लोणी, तूप, यातला थेंबही पोटात जाऊ द्यायचा नाही. मी आणि सुनेनं स्वयंपाक बदलला. वरणावर तिळाचं तेल, शिरा गुळाच्या पाण्यातला, पुरणपोळी तेलावर. तिची कढई वेगळी, पळी वेगळी. बाई ओट्याशी उभ्या राहून बघायच्या. "काहून वो सुशे, एका पोट्टीपायी साऱ्या घराले तेल पाजून राह्यली? दूध पिऊन कोणी मेलं काय? तू टायफाईडनं पडली होती तवा तुया पोराले मीच म्हशीचं दूध पाजलं. तो मेला काय?" हे खरं होतं. त्यांच्याच दुधावर माझा मुलगा जगला. खरं होतं म्हणूनच मला जास्त राग यायचा.

सई दोन वर्षांची असताना महालक्ष्म्यांच्या पूजेनंतर बाई तीर्थ वाटत होत्या. तीर्थ म्हणजे पंचामृत... दूध, दही, तूप, सगळं त्यात. मी आत ताटं वाढत होते. त्यांनी सईला मांडीवर घेतलं आणि एक पळी तोंडात घातली. थोड्याच वेळात पोरीचे डोळे सुजून मिटले, श्वास शिटीसारखा वाजायला लागला. गाडीत मी तिला सारखी हाक मारत होते, ती हुं म्हणायची. मग हुं म्हणणं थांबलं... नेरला सुई दिली, तिथून यवतमाळला नेलं. पोर वाचली. तिला घेऊन घरी आलो तर बाई ओसरीवरूनच म्हणाल्या, "तीर्थानं काही होत नसते. नजर लागली असन कोणाची."

मला वाटलं, आता तरी थांबतील. त्याच दिवाळीत त्या वाटी घेऊन सईच्या मागे आल्या. "तूप म्हंजे काही दूध नव्हे." मी तिच्या ताटावर हात धरला. त्यांनी ओतलंच. कढत तूप माझ्या हातावर पडलं, मी हात काढला नाही.

"बाई, उद्यापासून तुमची चूल वेगळी."

"मले? माह्याच घरात?"

"हो, तुम्हाले."

मागच्या खोलीत त्यांची शेगडी मांडून दिली. शेवटपर्यंत त्या तिथंच रांधून जेवल्या. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "सुशे, पोट्टीले जरा माह्याजवळ पाठव." आणि दोन्ही हात उघडून दाखवले. "पाह्य, काही नाही हातात." मी पाठवलं नाही. 'चुकलं' एवढं त्यांनी एकदा म्हटलं असतं तर वेगळी गोष्ट होती. त्या म्हणाल्या नाहीत. आज बोलावलं तरी मी पाठवणार नाही.

तेरवीची पंगत बसली. तूप ठेवायचंच नाही, असं मी वाढणाऱ्यांना आधीच बजावलं होतं. पानात वरणभात पडला आणि सईनं आपला इवलासा हात त्यावर आडवा धरला. सून म्हणाली, "काढ वो हात, कोणी नाही मांगं." सईनं वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती. तरी तिनं हात काढला नाही.

"राहू दे," मी म्हटलं. उद्या ती शाळेत जाईल, लोकांच्या लग्नात जेवेल. मोकळ्या हाताची माणसं तिथंही असतील.

सईनं डाव्या हातानं ताट झाकलं आणि उजव्या हातानं वरणभात खाल्ला.